पट्ट्याला एक जास्तीचं भोक

आधीच माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि अक्षर तर त्याहून वाईट. चौथीला शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं आणि वाणसामानाची यादी करण्यापुरतं. वाचताना कुठे अडलं तर वाचणाऱ्याने आपल्या मनाने नीट करून घ्यावं.

आमच्या पिंपळे गुरवच्या बचत गटातल्या बायका दिवाळीला हाताने लिहिलेला अंक काढतात. आपापल्या कामाबद्दल लिहायचं असतं. मसालेवाली झाली, पाळणाघरवाली झाली, यंदा अंकाचं बघणाऱ्या जोशी मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही घड्याळाच्या दुकानात एवढी वर्षं काढलीत. त्यातल्या गमतीजमती लिहा की." मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायलाही जड जातं, म्हणून मी मान हलवते. गमती लिहायच्या म्हणून बसले, आणि जे आठवलं त्यात गंमत फारशी नव्हती. अंकात द्यायचं का ते लिहून झाल्यावर बघेन. बहुतेक देणार नाही.

दुकान पिंपळे सौदागरला, मोठ्या सोसायट्यांच्या रस्त्यावर. मिस्टर गेल्यानंतर मी तिथे काचा पुसायला आणि फरशी करायला लागले. घड्याळांना पट्टे बसवणारा एक माणूस होता, तो चाकणच्या कंपनीत लागला आणि निघून गेला. मालक सुभाषशेठ दोन दिवस स्वतः खटपट करत बसले. मग मला म्हणाले, "मावशी, तुमची बोटं बारीक आहेत. हा चिमटा धरून बघा." मी धरला, तो डोळे जाईपर्यंत धरला.

काऊंटरच्या मागे फळीचा एक आडोसा होता, त्याला छोटी खिडकी. तिथे माझं टेबल, दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. ती जागा मला फार आवडली, कारण तिथे कुणी माझ्याशी बोलायचं नाही. लोकांसमोर बोलायची वेळ आली की माझा घसा बंद होतो, लहानपणापासून. शेठ खिडकीतून घड्याळ आत सरकवायचे, मी काम करून बाहेर सरकवायची. काम म्हणजे सेल बदलणं, स्टीलच्या पट्ट्याच्या कड्या काढून तो हाताच्या मापाचा करणं, चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडणं. घड्याळाच्या पोटातलं मोठं काम आमच्याकडे होत नसे, ते शेठ पुण्यात पाठवायचे.

आमचं दुकान खरं चालायचं ते समारंभाच्या घड्याळावर. रोज घालायचं घड्याळ आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला घालायचं घड्याळ, यात फरक असतो. हे मलाही आधी माहीत नव्हतं. शेठ गिऱ्हाइकाला सांगायचे ते आडोशामागून ऐकून ऐकून मला पाठ झालं. समारंभाचं घड्याळ पातळ पाहिजे, शर्टाचा कफ त्याच्यावरून अडकल्याशिवाय सरकला पाहिजे. डायल लहान, स्वच्छ. आकडे नकोत, नुसत्या बारीक रेघा. दोन काटे पुरे. तारीख नको, आत आणखी छोटी छोटी चक्रं नकोत. पट्टा चामड्याचा, बुटाच्या रंगाचा. शेरवानी असेल तर सोनेरी, सूट असेल तर पांढरं. कुणी विचारलं, "शेठ, सेकंद काटाच नाही?" की शेठ म्हणायचे, "समारंभात वेळ बघायची नसते हो. लोकांच्या दारात जाऊन घड्याळ बघितलं तर त्यांना वाटतं हा कंटाळला. हात पुढे केला की जरासं दिसलं, हात मागे घेतला की गेलं, असं पाहिजे."

आणि आमच्या भागाची एक वेगळीच गोष्ट. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांत लाईनवरच्या माणसाला घड्याळ घालू देत नाहीत. अंगठी नाही, कडं नाही, पट्ट्याचं बक्कलसुद्धा झाकायचं. गाडीच्या पत्र्यावर ओरखडा पडला तर सगळं फुकट जातं म्हणून. गेटवर सगळं लॉकरला टाकायचं आणि रिकाम्या हाताने आत. त्यामुळे आमच्याकडे असे कितीतरी पुरुष यायचे, पस्तिशी-चाळिशीचे, ज्यांनी घड्याळ असं कधी घातलंच नव्हतं. त्यांना स्वतःच्या मनगटाचं माप माहीत नसायचं. त्यांचं आयुष्यातलं एकुलतं एक घड्याळ हे संध्याकाळचं घड्याळ, लग्नात मिळालेलं. कुणाच्या रिसेप्शनला घालायचं आणि घरी आल्यावर परत डब्यात ठेवायचं.

डब्यात ठेवलेलं घड्याळ खराब होतं, हे लोकांना कळत नाही. आतला सेल संपतो, मग तो पाझरतो आणि हिरवट थर धरतो. मी मागचं झाकण उघडलं की वरून नवंकोरं दिसणारं घड्याळ आतून सडलेलं निघायचं. पट्ट्यावरूनही कळतं. ज्या भोकात रोज बक्कल बसतं तिथे चामड्याला घडी पडते. सौदागरच्याच एक मॅडम होत्या, नवऱ्याला लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेलं घड्याळ दरवर्षी सेल बदलायला आणायच्या. "ह्यांना फार आवडतं, सारखं घालतात," असं शेठना सांगायच्या. पट्ट्याला एकाही भोकापाशी घडी नव्हती. मी सेल बदलून, काच पुसून द्यायची. एके वर्षी त्या आल्या नाहीत.

गमतीचं एक लिहिते, नाहीतर जोशी मॅडम रागावतील. निघोज्याचे एक पाटील होते. जमीन कंपनीत गेली होती, पैसा ताजा होता. मुलाच्या लग्नासाठी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "शेठ, आसं घड्याळ दावा, ष्टेजवरनं शेवटच्या खुर्चीला दिसाया पायजे."

शेठनी पातळ, पांढऱ्या डायलचं काढलं. "पाटील, सुटावर हे शोभतं."

"ह्ये?" पाटलांनी ते बोटावर ठेवून वजन बघितलं. "ह्ये बायकांचं हाय. माझा पोरगा काय नर्स हाय व्हय? त्ये दावा, त्ये पिवळं."

ते पिवळं म्हणजे पाण्यात पोहणाऱ्यांचं, केवढं तरी जाड. शेठ म्हणाले, "कफ बसणार नाही वरून."

"मग कफ कापू की राव! शर्ट आमचा हाय."

आणि खरंच त्यांनी तिथून टेलरला फोन लावून डावी बाही आखूड करायला सांगितली. मी आडोशामागे तोंडाला पदर लावून हसले. बऱ्याच वर्षांनी पाटील परत आले ते एकटे, रिक्षाने. तेच घड्याळ खिशातून काढलं आणि हळूच विचारलं, "शेठ, ह्याच्यात सोनं किती आसंल?" सोनं नव्हतंच, पाणी दिलेलं होतं. शेठ त्यांना चहा देत राहिले. म्हणजे बघा, गमतीचं लिहायला घेतलं तर तेही असं संपलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

वैशाली नावाची मुलगी होती. चाकणला गाड्यांच्या वायरी जोडतात त्या कंपनीत कामाला. पहिल्यांदा आली ती वडलांना घेऊन, संध्याकाळी. वडील लातूरकडचे, निघोज्याला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. शेठ म्हणाले, "अहो राहू द्या, आत या," तरी ते अनवाणीच आत आले आणि काचेपासून हातभर लांब उभे राहिले.

"जावयाला घड्याळ घ्यायचंय," ते म्हणाले. "पोरगीच घ्यायलीय, तिच्या पगारातनं. मी नुसता सोबत आलोय."

साखरपुडा झाला होता. मुलगा सागर, एका गाड्यांच्या कंपनीत ट्रेनी. लग्न दुपारचं आणि रिसेप्शन त्याच दिवशी संध्याकाळी, चिंचवडच्या हॉलमध्ये. मुलीच्या घरून जावयाला घड्याळ द्यायचं, ते त्याने संध्याकाळी सुटावर घालून स्टेजवर उभं राहायचं, ही आता सगळीकडची रीतच झाली आहे.

शेठनी सहा-सात घड्याळं मांडली. वडील म्हणाले, "ते मोठं घे की. चार माणसांत द्यायचंय."

"नको पप्पा. त्याचा हात बारीक आहे."

"तुला काय ठाऊक?"

वैशाली काचेतल्या घड्याळांकडे बघायला लागली. शेठ हसायला लागले. वडील वर पंख्याकडे बघत राहिले.

"माप आणलंय का काही?" शेठनी विचारलं.

तिने मान हलवली, मग उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकवून गोल करून दाखवला. "एवढा आहे. माझी बोटं टेकतात बरोबर." शेठना त्यातून काय कळणार? त्यांनी मला हाक मारली, "मावशी, जरा हात द्या इकडे." मी खिडकीतून हात बाहेर काढला. तिने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांची टोकं खरखरीत होती, दिवसभर टेप गुंडाळून वायरीवाल्या मुलींची होतात तशी. "हां, असाच. मावशींचा अगदी तसाच आहे."

मग सगळी घड्याळं माझ्या हातावर बसवून बघितली. मी आडोशामागे आणि माझा एक हात बाहेर, काऊंटरवर. तिला जे आवडलं ते सगळ्यांत साधं होतं. पांढरी डायल, बारीक रेघा, दोन काटे, काळा पट्टा. माझ्या त्या राठ हातावरसुद्धा ते इतकं सुंदर दिसलं की मीच हात मागे ओढून घेतला. माझ्या हातात बांगड्यांशिवाय आजवर काही आलं नव्हतं.

"हेच," ती म्हणाली. "शेठ, हे सुटाच्या बाहीत जाईल ना?"

"जाईल बाळा. नवरदेवाने हार घालायला हात वर केला की बरोबर दिसेल."

पट्ट्याच्या शेवटच्या भोकातही ते माझ्या हाताला ढिलं होत होतं. मी खिडकीतून हळूच म्हणाले, "अजून एक भोक पाडावं लागेल."

वडील लगेच पुढे आले. "आता नको ताई. आधी पत्र येऊ द्या."

पत्र म्हणजे पर्मनंटचं पत्र. तेव्हा त्यांनी शेठना सगळं सांगितलं. सागरची ट्रेनिंग संपत आली होती. त्याला कायम करणार असं सुपरवायझरने तोंडी सांगितलं होतं, त्याच्यावरच सोयरीक जमली होती. "मी सगळी उमर कंत्राटात काढली शेठ. सात महिने काम, मग ब्रेक. परत सात महिने. दर खेपेला हिच्या आईनं दुकानदाराच्या पाया पडायचं. पोरीला तसल्या घरात नाही देणार. पोरगा सोन्यासारखाय, पण पत्र पाहिजे."

"येईल हो पत्र," शेठ म्हणाले. "आणि तोवर घड्याळ डब्यात ठेवा. लग्नाच्या आधी कधीही परत आणलंत तर पैसे देईन. फक्त वापरलेलं नको. ओरखडा नको, आणि भोक पाडलं की मग परत नाही. पट्टा एका माणसाच्या मापाचा झाला की तो माल माझा राहत नाही."

वैशालीने तिच्या मोबाईलवरून पैसे दिले. ओव्हरटाइमचे साठवले होते. वडील दारात चपला घालताना म्हणाले, "बिल नीट ठेव गं."

दोन-तीन आठवड्यांनी ती परत आली, या वेळी सागरला घेऊन. पहिल्या शिफ्टवरून सुटून तो तसाच आला होता, कंपनीच्या कपड्यांत. उंच, बारीक, हसरा. तिने डबा उघडून घड्याळ त्याच्या हातावर बांधलं. त्याला बक्कलही लावता येत नव्हतं.

"अगं, हे मनगटात घालायचंय की दंडात? फिरतंय बघ गोल."

"हाताला जरा मांस चढव मग."

"कँटीनची डाळ खाऊन चढतं का मांस?"

हसत होता, पण मी एक गोष्ट बघितली. घड्याळ हातावर आल्या आल्या त्याने तो हात काऊंटरपासून लांब नेला आणि छातीशी धरला. शेठ म्हणाले, "अहो, टेकवा हात, काच आहे ती." तर तो म्हणाला, "ओरखडा पडेल." लाईनवरची सवय. हातात धातू आला की हात अंगाशी. तेवढा वेळ तो तसाच उभा होता, शपथ घेतल्यासारखा, आणि ती त्याच्याकडे बघत होती. मी भिंग डोळ्याला लावून उगाच एक सेल पुसत बसले.

मग शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले तशी ती माझ्या खिडकीशी आली.

"मावशी, भोक पाडलं की परत घेत नाहीत ना?"

"नाही घेत."

"नक्की?"

"शेठनी कधी घेतलं नाही."

"मग पाडा."

सागर मागून म्हणाला, "अगं पप्पांना विचार की. अजून पत्र कुठं आलंय?"

"तू गप्प बस रे. हात दे इकडे."

तेव्हा मला कळलं ती काय करते आहे. पत्राला उशीर होत होता, घरी वडील रोज एकेक शब्द बोलत असणार, आणि ती परतीची वाट बंद करून टाकत होती. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं. मी त्याच्या हातावर पट्टा ओढून खूण केली. भोकाचं काम सोपं वाटतं, पण सगळी भोकं सारख्या अंतरावर आली पाहिजेत, नाहीतर नवीन पाडलेलं लगेच दिसतं. लाकडाच्या ठोकळ्यावर पट्टा सरळ धरायचा, हत्यार उभं धरायचं आणि एकदाच दाबायचं. दोनदा दाबलं की चामडं फाटतं. मी दाबलं. तिळाएवढी चामड्याची टिकली निघाली. सागर म्हणाला, "ह्याचे पैसे वेगळे का मावशी?" मी मान हलवली, नाही म्हणून. माझ्या हातून इतकं नीट भोक क्वचित पडलं असेल.

त्यानंतर ती रोज दिसायची. कंपनीची बस तिला आमच्या चौकात सोडायची, जाता जाता ती काचेतून हात करायची. मी हात करत नसे, पण मान वर करून बघायची. मग ती हात करेनाशी झाली. मग दिसेनाशीच झाली.

एका संध्याकाळी ती एकटी आली आणि सरळ खिडकीशी उभी राहिली. सागरच्या सगळ्या बॅचला कंपनीने सोडून दिलं होतं. पत्र कुणालाच आलं नव्हतं. ज्या सुपरवायझरने सांगितलं होतं त्याचीच बदली झाली होती. सागर आधी इथेच दुसरीकडे काम बघत फिरला, मग खोलीचं भाडं जड झालं तसा गावाकडे आंबाजोगाईला गेला. वडलांनी सोयरीक मोडली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दोन्ही घरची माणसं बसली, साडी-अंगठी इकडची तिकडे झाली, चहा झाला आणि उठले.

"आणि तू?" मी विचारलं.

"मला कोण विचारतंय मावशी? पप्पांचं पण चुकत नाही. रडले ते पण." तिने नाक पुसलं. "फक्त घड्याळ राहिलंय. पप्पा म्हणतात दुकानात परत देऊ. मी म्हटलं घेत नाहीत, भोक पडलंय. तर म्हणाले, नसतील घेत तर ती वस्तू त्याच्या नावाची आहे, त्यालाच नेऊन दे. दुसऱ्या जावयाला आपण ती कशी देणार? मी म्हटलं, मी जाऊन देईन. तर हो म्हणाले. खरंच हो म्हणाले, मावशी. पण आधी एकदा स्वतः येऊन शेठना विचारणार आहेत."

मी तिच्याकडे बघत होते.

"मी गेले की बघते," ती म्हणाली. "तो फोन उचलत नाही. लाजतो. समोर गेले तर बोलेल. एकदा समोर गेले ना, की मी परत येतच नाही बघा. नाहीतर घेऊन येते त्याला. काहीही काम करू दोघं. मला फक्त जायला पाहिजे, आणि घरातून हो म्हणून निघायला पाहिजे. पळून नाही जायचं मला." मग खिडकीतून तिने माझा हात धरला, पहिल्यांदा धरला होता तसाच. "शेठ नाही म्हणतील ना? तुम्ही सांगाल ना, भोक पडलंय म्हणून?"

मी मान हलवली. मग मला वाटलं की हे मान हलवण्यावर सोडायचं नाही. मी तोंडाने म्हणाले, "सांगेन."

पुढच्याच रविवारी ते दोघे आले. दुकानात गर्दी होती, लग्नसराईच होती. वडलांनी परत चपला बाहेर काढल्या. डबा काऊंटरवर ठेवला आणि वर बिल ठेवलं, घडी न मोडलेलं.

"शेठ, सोयरीक मोडली," ते म्हणाले.

शेठनी हातातलं गिऱ्हाईक सोडलं. डबा उघडला, घड्याळ उलटसुलट बघितलं, पट्टा दिव्यापाशी नेला. भोक त्यांना लगेच दिसलं. मी नीट पाडलं होतं तरी दिसलं, त्यांचीही नजर तशीच आहे.

"भोक पाडलंय याला."

"होय. पोरीनं पाडून घेतलं. मला म्हाईत नव्हतं. तुम्ही घेत नसाल तर तसं सांगा, माझं काही म्हणणं नाही. नियम आधीच सांगितला होता तुम्ही."

शेठ त्या भोकावरून बोट फिरवत राहिले. मी तोवर आडोशामागेच होते. वैशाली वडलांच्या मागे उभी होती आणि खिडकीकडे बघत होती. मी चिमटा खाली ठेवला. उठले आणि आडोशाच्या बाहेर आले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांसमोर मी बोलायला अशी पहिल्यांदाच आले. सगळे बघायला लागले.

"शेठ," मी म्हणाले, "पट्ट्याला भोक पडलंय. मीच पाडलंय. त्या मुलाच्या मापाचं आहे ते. परत घेता येत नाही."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. काऊंटरवरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "बाई बाई, मालकाचं काही नाही आणि हिचंच बघा."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. कधी न बोलणारी बाई बोलली आणि हे बोलली. "मावशी," ते म्हणाले, "लग्न मोडलंय त्यांच्या घरचं. कळतंय का तुम्हाला? आपण काय भोक मोजत बसायचं?"

"नियम आहे शेठ."

"नियम मी केला ना? मग मीच मोडतो. माणुसकी नावाची काही गोष्ट आहे की नाही?"

वडलांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते. "शेठ, फार उपकार होतील. पण तुमचं नुकसान नको. काय कमी करायचं ते करा."

"एक रुपया कमी करणार नाही," शेठ म्हणाले. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "मोठं मन लागतं बरं." शेठच्या चेहऱ्यावर लाली आली. ते वाईट माणूस नव्हते. आजही त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

वैशाली पुढे आली. "राहू द्या ना शेठ. खरंच राहू द्या. मीच पाडून घेतलंय भोक. माझी चूक आहे."

"तू काळजी करू नकोस बाळा. दुसरा पट्टा लावतो, झालं. मावशी, हा पट्टा काढा."

घड्याळ माझ्या हातात आलं. पट्टा काढायला काही लागत नाही, दोन बाजूंना दोन बारीक कांड्या असतात, त्या चिमट्याने दाबल्या की पट्टा सुटतो. मला रोजचं काम ते, डोळे मिटून केलं असतं. त्या दिवशी पहिली कांडी माझ्या हातून उडून खाली पडली. शेठ "राहू द्या, दुसरी घ्या" म्हणाले. मी दुसरी बाजू सोडवली. पट्टा वेगळा, घड्याळ वेगळं. वैशाली बघत होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

तिने शेवटचं एकदा म्हटलं, अगदी हळू, "पप्पा, मी नेऊन दिलं असतं."

"आता कशाला जायचं पोरी?" वडील म्हणाले, रागाने नाही, थकून. "आता काही उरलंच नाही ना त्याला द्यायला."

शेठनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल लांब धरला. "ज्या नंबरवरून आले होते त्याच नंबरवर टाकतो. तुझाच ना?" तिने मान हलवली, मी हलवते तशी. शेठ एकेक आकडा दाबत राहिले. गिऱ्हाइकं त्यांच्या बोटाकडे बघत होती. मग तिच्या हातातल्या मोबाईलची घंटी वाजली.

"आले का?" वडलांनी विचारलं.

"आले."

"पूर्ण आलेत का, बघ."

तिने मोबाईल उघडून बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"पूर्ण आलेत, पप्पा."